सरळ रेषा वाकडी दिसू लागते तेव्हा

सुरतेच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीत माझे मामा कापड-छपाईच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात काम करतात. छापून, धुऊन, वाळवून आलेले कापड टेबलावरून पुढे सरकत असते आणि त्यावरील डाग, फाटलेली किनार, सरकलेली छपाई असे दोष हेरून काढणे हे त्यांचे काम. उमेदीची वर्षे इचलकरंजीच्या मागावर घालवून ते तिकडे गेले. कापडातील खोट त्यांच्या नजरेतून सुटत नाही असा त्यांचा लौकिक. गेल्या वर्षी त्यांनी चौकडीच्या कापडाचा एक अख्खा तागा बाजूला काढून ठेवला. "चौकडी मधीच वाकलीया," असे त्यांचे म्हणणे. खात्यातल्या चौघांनी तागा उलगडून पाहिला, तर चौकडी अगदी सरळ. मामांनी पुन्हा पाहिले. त्यांना ती वाकडीच दिसली.

ही गोष्ट त्यांनी महिनाभर घरी सांगितली नाही. कापड तपासणाऱ्याच्या नजरेतच खोट आहे असे एकदा बोलले गेले, की ते टेबल दुसऱ्याला मिळते. मी सुट्टीत त्यांच्याकडे गेले असताना एका सकाळी ते मराठी वर्तमानपत्र वाचत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, ह्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ हितं खाली बसलीया का गं?" मला तसे काही दिसेना. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. रेघ सरळ झाली. डावा डोळा झाकला. रेघ पुन्हा बसली.

पांडेसऱ्यातल्या पाट्या आणि बसचे फलक बहुतेक गुजरातीत, आणि गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. रोज गुजराती वाचताना जे ध्यानात आले नाही, ते मराठीच्या शिरोरेषेने उघडे पाडले असावे असे मला वाटते. (आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील अक्षरे तर गोलच, त्यांच्या माथ्यावरचे तलेकट्टु इतके आखूड की त्यावरून रेषेचा बाक कळणे अवघड. कन्नड वाचणारांनी या कामी वहीच्या आखीव ओळींकडे पाहावे.)

मामा प्रथम गेले ते चष्म्याच्या दुकानात. तिथे भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत वाचली. उजव्या डोळ्याची नोंद ६/९ झाली. म्हणजे निकोप डोळ्याला जे अक्षर नऊ मीटरवरून वाचता येते, ते त्यांना सहा मीटरवरून वाचता येत होते. ही नजर काही वाईट नव्हे. मामा खुशीत परत आले. "आकडं तर वाचतोय की मी!" पण चौकडी वाकडीच राहिली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने डोळ्यांवर लेख का लिहावा, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे. तक्ता तुम्हांला विचारतो की सर्वांत लहान अक्षर कोणते वाचता येते. ते अक्षर सरळ उभे आहे की कललेले, हे तो विचारत नाही.

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल असते. त्याच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा जो भाग आहे त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही बारीक कामे पीतबिंदूच्याही अगदी मधल्या खळग्याच्या बळावर चालतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी तेथे दाटीने, आपापल्या ठरल्या जागी बसलेल्या असतात. आता असे समजा, की टेबलावर चौकडीचे कापड अंथरले आहे आणि त्याखाली कोणी लिंबू सरकवले. कापडाचा धागाही तुटलेला नाही, पण लिंबाच्या भोवती चौकडी फाकते व बाकते. पीतबिंदूखाली किंवा त्याच्या आत पाणी साचले म्हणजे नेमके हेच होते. पेशी जागच्या हलतात. मेंदूला मात्र हे कोणी कळवीत नाही. प्रत्येक पेशी आपल्या जुन्याच जागी आहे असे धरून तो चित्र जुळवतो आणि सरळ रेघ वाकडी होते. पेशी एकमेकींपासून दूर फाकल्या तर वस्तू लहान दिसते. जवळ ओढल्या गेल्या तर मोठी. वैद्यकात या विकृत दिसण्याला मेटामॉर्फॉप्सिया असे नाव आहे.

कारणे अनेक. उतारवयात पीतबिंदू झिजतो आणि काहींच्या बाबतीत त्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरू लागतात. पाश्चात्त्य देशांत या विषयावर जे संशोधन झाले ते मुख्यतः याच विकाराचे. कधी पटलावर पातळ पापुद्रा धरतो व तो आकसतो, कधी पीतबिंदूला छिद्र पडते. ऐन तिशी-चाळिशीतल्या पुरुषांतही पटलाखाली पाणी साचण्याचा एक प्रकार आढळतो. स्टिरॉइडची औषधे घेणारांत तो अधिक. आणि मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर धरली आहे. मधुमेहात डोळ्यातील बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात व पीतबिंदूला सूज येते. मामांना झाले होते ते हेच. साखर आहे हे त्यांना आठ वर्षांपासून ठाऊक होते. तिचा आणि चौकडीचा काही संबंध असेल हे मात्र ठाऊक नव्हते.

डोळ्याच्या डॉक्टरांनी ओ.सी.टी. नावाची तपासणी केली. १९९१ साली प्रथम वर्णिलेल्या या तंत्राने प्रकाशाच्या साहाय्याने पटलाचा उभा छेद चित्ररूपाने दिसतो. थर एकावर एक पावाच्या कापासारखे दिसतात आणि मामांच्या चित्रात मध्ये पाण्याचे काळे कप्पे होते. हे यंत्र मामांना घरी आणता येत नव्हते. मग दोन तपासण्यांच्या मधल्या काळात सूज वाढली की ओसरली हे कसे कळावे? डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक कागद ठेवला. मामा तो पाहून हसले, कारण कागदावर होती चौकडी!

हा कागद म्हणजे मार्क आम्स्लर या स्विस नेत्रतज्ज्ञाचा तक्ता. १९४० नंतरच्या दशकात त्याने तो प्रचारात आणला. दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरची चारशे घरे व मध्यभागी एक ठिपका. कागद डोळ्यांपासून सुमारे तीस सेंटिमीटरवर धरला, की प्रत्येक घर नजरेच्या जवळजवळ एक अंशाएवढे होते. तपासणी एक मिनिटाची आहे, पण ती शिस्तीने करावी लागते. वाचनाचा चष्मा असल्यास तो लावावा, उजेड चांगला असावा, एक डोळा पूर्ण झाकावा आणि नजर ठिपक्यावरून हलू द्यायची नाही. रेघा कुठे वाकतात का, एखादे घर लहान-मोठे दिसते का, कुठे डाग किंवा रिकामी जागा आहे का, हे नजर न हलवता पाहायचे. नंतर दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची बाजू सावरून घेतो आणि महिनोन्महिने पत्ता लागत नाही. काल नव्हते ते आज दिसले, तर पुढच्या ठरल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

एवढी स्वस्त सोय आहे, मग मोबाइल फोन हवाच कशाला? कारण आम्स्लरच्या कागदाला एक मोठी अडचण आहे. मेंदू भला आहे, पण खोटारडा आहे. लांबलचक सरळ रेघेचा एखादा तुकडा दिसत नसला तर "येथेही रेघच असणार" असे धरून तो ती जागा स्वतःच भरून काढतो. त्यामुळे कागदापुढे बसलेला रुग्ण मनापासून "सगळं ठीक" म्हणतो व आत दोष असतो.

फोनवरच्या चाचण्या यावर दुसरी वाट काढतात. शाळेच्या प्रयोगशाळेतले व्हर्निअर कॅलिपर आठवते का? पियेर व्हर्निअरने १६३१ साली सांगितलेल्या त्या युक्तीचे मर्म असे, की दोन रेघा एका ओळीत आहेत की किंचित सरकल्या आहेत हे ओळखण्यात आपली नजर विलक्षण तरबेज आहे. दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतके अंतर लागते. पण रेघ सरकल्याचे मात्र त्याच्या कित्येक पटींनी सूक्ष्म अंतरावरही कळते. म्हणून एका प्रकारच्या चाचणीत पडद्यावर तीन ठिपके येतात व मधला ठिपका बोटाने सरकवून बाकी दोघांच्या ओळीत आणायचा असतो. दुसऱ्या प्रकारात काही वर्तुळे येतात. त्यांपैकी एकाचा काठ किंचित लहरी असतो, तो ओळखून बोट ठेवायचे. बरोबर ओळखले की पुढची लहर आणखी बारीक. येथे मेंदूला भरून काढायला लांब रेघच मिळत नाही, शिवाय उत्तराचा आकडा नोंदला जातो आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येतो. वर्तुळांच्या अशा एका चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली परवानगी दिली व तीन ठिपक्यांच्या चाचणीला २०१८ साली.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत फोनऐवजी घरी ठेवण्याच्या एका स्वतंत्र यंत्राचा प्रयोग १,५२० जणांवर झाला; निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्याकडे यंत्र होते त्यांच्या डोळ्यात पाझर सुरू झाल्याचे कळले तेव्हा तक्त्यावरची सरासरी (मध्यगा) चार अक्षरे गेली होती. नेहमीच्या पद्धतीने लक्ष ठेवणारांची नऊ गेली होती. अशा तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरे असतात. एका ओळीपेक्षा कमी की जवळजवळ दोन ओळी, हा तो फरक. उपचार ज्या नजरेवर सुरू होतो त्याच्या आसपासच ती पुढे टिकते, म्हणून हा फरक आयुष्यभराचा.

पण नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. ब्रिटनमध्ये मोनार्क नावाच्या अभ्यासात ज्यांच्यावर आधीच उपचार झाले आहेत अशा रुग्णांना घरी तीन साधने दिली, एक कागदी वही व ॲपवरच्या दोन चाचण्या. विकार पुन्हा उसळला आहे की नाही, हे सांगण्यात तिन्ही साधने कमी पडली. एकदा वाकलेल्या चौकडीत आणखी थोडा बाक आला, हे पकडणे मुळातच कठीण. २०२० च्या साथीत लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयाने रुग्णांना घरबसल्या फोनवर तपासणी करायला दिली, तेव्हा असे दिसले की ती वापरली अधिक करून कमी वयाच्या व बऱ्या नजरेच्या लोकांनी. ज्यांना गरज जास्त त्यांच्याच हाती फोन कमी रुळतो. पांडेसऱ्यात आणखी दोन अडचणी माझ्या डोळ्यांदेखतच्या. मामांच्या घरात मोठ्या पडद्याचा फोन एकच, तो मामेभावाचा, आणि तो रात्रपाळीला जातो. शिवाय त्या पडद्यावरच्या काचेला तडा गेलेला. मामांना पहिल्या दिवशी जी "वाकडी रेघ" दिसली ती मला आणि मामीलाही दिसली! कोणी व्हॉट्सॲपवर आम्स्लरचे चित्र पाठवले तर तेही जपून वापरावे. फोनची रुंदी दहा सेंटिमीटर नसते, चित्र आक्रसते, आणि एका घराला एक अंश हा हिशेबच उरत नाही. छापील कागद बरा.

आता थोडा माझ्या विषयातला हिशेब. या सुजेवर व पाझरावर आज मुख्य उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. रक्तवाहिन्या फुटण्यास व गळण्यास उत्तेजन देणाऱ्या एका प्रथिनाला ते आवर घालते. रॅनिबिझुमॅब या औषधाला उतारवयातल्या पाझरासाठी अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली, पण ते महाग. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी काढलेले बेव्हॅसिझुमॅब डॉक्टर त्याच कामी वापरू लागले. त्याची किंमत पुष्कळ कमी, आणि २०११ साली एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात दोन्ही औषधांनी नजर सारखीच राखल्याचे दिसले. २०१५ साली अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबचे भारतीय प्रतिरूप बाजारात आणले. औषधाची किंमत अशी उतरली. पण इंजेक्शन एकदाच पुरत नाही. सुरुवातीला बहुधा दरमहा, पुढे सूज पाहून. प्रत्येक खेपेला मामांचा एक रोज बुडतो, आणि बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर एकट्याने घरी येता येत नाही म्हणून सोबत जाणाऱ्याचाही. मामी घरी साड्यांना टिकल्या लावण्याचे काम करतात. त्या गेल्या की त्या दिवशीच्या साड्या राहिल्या. हा खर्च दवाखान्याच्या पावतीत कुठे दिसत नाही. घरच्या चाचणीचे खरे मोल मला येथे वाटते. तिने डॉक्टरांची फेरी वाचवायची नाही, तर कोणती फेरी टाळून चालणार नाही हे सांगायचे.

याच कारणाने संशोधक आता नजरेबरोबर जगणेही मोजू पाहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. पण मोटार चालवण्याविषयीचे प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतल्या आजीबाईंना विचारून काय मिळणार? म्हणून भारतातील निरनिराळ्या भागांतल्या रुग्णांशी बोलून तेहतीस प्रश्नांची एक भारतीय प्रश्नावली तयार झाली. त्यात जिने चढणे आहे, रस्त्यातले खाचखळगे आहेत. आणि आपण दुसऱ्यावर ओझे झालो आहोत असे वाटते का, उरलीसुरली नजरही जाईल अशी भीती वाटते का, हेही आहे. या शेवटच्या दोन गोष्टी मी मामांना विचारल्या. ते म्हणाले, "हे कागदावर लिवून घेतात व्हय?" आणि उठून बाहेर गेले.

त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मला दिवाळीनंतर कळला. तीन इंजेक्शनांनंतर सूज ओसरली होती. मामीने आम्स्लरचा कागद गोदरेजच्या कपाटावर चिकटवला आणि दर सोमवारी सकाळी मामा त्यापुढे उभे राहून "सरळ" म्हणत. मामी दिनदर्शिकेवर बरोबरची खूण करीत. लग्नसराईचा माल सुरू झाला, पाळ्या वाढल्या, खुणा होतच राहिल्या. मग ठरल्या तारखेला ओ.सी.टी. काढली तर पाणी पुन्हा भरलेले. डॉक्टरांनी विचारले, काहीच फरक जाणवला नाही? मामा खाली पाहत म्हणाले, तीन आठवडे झाले. ऐन मोसमात खाडा झाला तर टेबल जाईल म्हणून ते बायकोला "सरळ" सांगत होते. फोनवरची चाचणी असती तर तिने हे पकडले असते असे कोणी म्हणेल. मला वाटते, मामांनी ती उघडलीच नसती.

त्यानंतर पद्धत बदलली, ती मामीने. मला फोन करून म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजात ते बारीक चौकडीचं कागद वापरतात बघ, त्याची एक वही पाठव." मी आलेखवही पाठवली. आता मामांनी तोंडाने काही सांगायचे नाही. डावा डोळा झाकून तक्त्याकडे पाहायचे आणि उजव्या डोळ्याला रेघ जिथे जशी दिसेल, तशी पेन्सिलीने काढायची. ही युक्ती तशी जुनीच. रुग्णाला जे दिसते ते त्याच्याकडून काढून घ्यावे, हे या तक्त्याच्या वापरात पहिल्यापासून आहे. पण मामांच्या बाबतीत तिला आणखी एक आधार मिळाला. ज्या माणसाने जन्मभर कापडातली खोट नोंदवली त्याला "सरळ" म्हणणे जमते, पण वाकडी दिसणारी रेघ हाताने सरळ काढणे जमत नाही. पहिले तीन कागद मामीने टिकल्यांच्या हिशेबाच्या वहीत घातले आहेत. तिसऱ्यात ठिपक्याच्या जरा वर, डाव्या बाजूला, दोन घरांएवढा खड्डा आहे; दुसऱ्यात तो एका घराचा होता. ते दोन्ही घेऊन त्या मंगळवारी, ठरल्या तारखेच्या बारा दिवस आधी, मामांना बरोबर घेऊन दवाखान्यात गेल्या.